घरट्यांसाठी झाडे लावताना: पहिल्या पाहणीपासून तिसऱ्या उन्हाळ्यापर्यंत

"पाचशे रोपं लावली, चार वर्षं झाली, घरटं एकही नाही. चुकलं कुठं?" गावोगावच्या मंडळांकडून हा प्रश्न इतक्यांदा येतो की आता उत्तर लिहूनच ठेवावे म्हटले. चूक बहुतेक वेळा रोप मातीत जाण्याआधीच झालेली असते. जागा चुकलेली असते, जात चुकलेली असते, नाहीतर पाण्याचा हिशोबच केलेला नसतो.

खाली दिलेला क्रम कमी पावसाच्या भागासाठी आहे: पुणे जिल्ह्याचा पूर्व भाग, सोलापूर, अहिल्यानगर, मराठवाड्याची पश्चिम कड. कोकणात किंवा मावळात खड्डा, पाणी आणि महिने यांचे गणित वेगळे असते, त्यामुळे तिकडच्या मंडळींनी टप्पे ५ ते ८ जसेच्या तसे उचलू नयेत.

टप्पा १. लावणीच्या आदल्या वर्षी घरट्यांची मोजणी

सुरुवात फेब्रुवारीत करा. पानगळ झालेली असते, त्यामुळे मागच्या हंगामातली घरटी उघडी पडतात. दोघादोघांच्या जोड्या करा आणि गावाचे चार भाग वाटून घ्या. सकाळी साडेसहा ते नऊ एवढाच वेळ फिरायचे. वहीत चारच गोष्टी लिहायच्या: झाड कोणते, घरटे जमिनीपासून साधारण किती उंचीवर, झाडाच्या कोणत्या भागात (बेचक्यात, फांदीच्या टोकाला, ढोलीत, लोंबते) आणि पक्षी दिसला असेल तर कोणता.

ढोल्या ओळखायला थोडी सवय लागते. भोकाच्या खालच्या कडेला विष्ठेचे पांढरे ओघळ किंवा घासून गुळगुळीत झालेली साल दिसली, तर ढोली वापरात आहे असे समजा. पोपट जानेवारी-फेब्रुवारीतच ढोल्या धरतात, म्हणून पहिली फेरी उशिरा काढू नका. दुसरी फेरी मे महिन्यात, तिसरी ऑगस्टमध्ये. ही तिसरी फेरी सुगरणीसाठी, तिचा हंगाम पावसाळ्यात असतो.

वयस्कर माणसांना एक प्रश्न जरूर विचारा: "आधी सुगरणी कुठल्या विहिरीवर असायच्या?" मिळालेले उत्तर नकाशावर मांडा. तिथली बाभूळ गेल्या काही वर्षांत तुटलेली आढळली, तर तुमची पहिली जागा ठरली.

याच फेरीत जुन्या झाडांची यादी होते. ढोली असलेले, अर्धे वाळलेले, वाकडे, "काही उपयोगाचे नाही" म्हणून सरपणाला जाणार असलेले प्रत्येक झाड या यादीत हवे. पिंगळा, साळुंकी, पोपट, दयाळ यांना घरट्यासाठी आयती पोकळी लागते. राखी धनेशाची मादी तर मोठ्या झाडाच्या ढोलीत स्वतःला जवळजवळ लिंपून घेते आणि नर तिला फटीतून भरवतो. एवढी ढोली असलेले झाड आज लावून तुमच्या नातवंडांच्या काळात तयार होईल. त्यामुळे या पक्ष्यांसाठी करण्याजोगे सर्वांत मोठे काम म्हणजे यादीतली झाडे उभी ठेवणे. रोपांचा खर्च मंजूर करून घेताना तोच ठराव आधी करून घ्या.

सावधान: घरट्यात डोकावायचे नाही, फांदी वाकवायची नाही, मोबाइल काठीला बांधून आत घालायचा नाही. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार वन्य पक्ष्याचे अंडे फोडणे किंवा अंडी-घरटे विस्कळीत करणे हे शिकारीच्या व्याख्येत येते.

टप्पा २. जागा ठरवणे, आणि काही जागा सोडून देणे

सगळ्यांत जास्त नुकसान इथे होते. गावात "मोकळी जागा" म्हटले की सगळ्यांचे बोट गायरानाकडे, माळाकडे जाते. पण टिटवी, चंडोल, धाविक, रातवा, तित्तर हे जमिनीवर घरटे करणारे पक्षी आहेत. टिटवी उघड्या खड्यांत अंडी घालते आणि चारी बाजूंना नजर पोचेल अशीच जागा निवडते. तिथे दहा फुटांवर एक खड्डा घेतला की तिची जागा गेली. वर झाडे मोठी झाली की त्यांवर कावळे आणि शिकारी पक्षी बसून खालची अंडी टिपतात. पक्ष्यांसाठी झाडे लावायला निघालेले लोक पक्ष्यांचीच घरटी मोडतात, ते असे. गवताळ माळ असेल तर त्याला हात लावू नका.

माळाशिवायही चांगल्या जागा भरपूर असतात: ओढ्याचे काठ, पाझर तलावाची वरची कड, शेताचे बांध, स्मशानभूमी, देवस्थानची जमीन, शाळेच्या मागची बाजू, जुन्या विहिरीचा परिसर. प्रत्येक जागेला आपली अट आहे.

पाझर तलावाच्या मातीच्या भरावावर झाड लावू नये, मुळ्यांमुळे भरावाला गळती लागते. बांधीव विहिरीजवळ वड-पिंपळ नको, ते कठडा फोडतात. बाभूळ किंवा शिंदी चालते. बांधावर लावायचे तर दोन्ही बाजूंच्या शेतकऱ्यांची संमती हवी, कारण सावलीवरून पुढे भांडण ठरलेले असते आणि त्यात कुऱ्हाड झाडावर पडते. विजेच्या तारेखाली उंच वाढणारे काहीच नको.

चिंच, वड, पिंपळ यांची जागा ठरवताना पुढच्या पन्नास वर्षांचा विचार करा. बगळे आणि बलाक मोठ्या झाडांवर वसाहत करून राहतात. इंदापूरला गढीच्या परिसरातल्या चिंचांवर चित्रबलाकांची घरटी असतात. त्याच तालुक्यात भादलवाडीच्या तलावात उभ्या बाभळींवर त्यांची वसाहत आहे. दृश्य देखणे असते, पण खाली विष्ठेचा सडा, पडलेल्या माशांचा वास आणि दिवसभराचा कलकलाट असतो. असे झाड शाळेच्या किंवा दवाखान्याच्या दारात आले की लोक फांद्या तोडायची मागणी करतात, आणि त्यांचेही काही चुकत नाही. म्हणून ही झाडे घरांपासून निदान शंभर पावले दूर लावा.

परवानगी: जमिनीचा सातबारा काढून मालकी बघा. गावठाण किंवा गायरान असेल तर ग्रामसभेचा ठराव, वनखात्याची जमीन असेल तर त्यांची लेखी परवानगी. तोंडी "लावा की" वर काम सुरू करू नका. सरपंच बदलला की तो शब्द उरत नाही.

टप्पा ३. पक्षी बघून झाड निवडणे

रोपवाटिकेत काय शिल्लक आहे ते बघून यादी करणारे इथे फसतात. पहिल्या टप्प्याची वही उघडा आणि उलट दिशेने या: कोणते घरटे, त्याला कसली फांदी, म्हणून कोणते झाड.

सुगरण लोंबते घरटे विणते. तिला बारीक, लवचिक, काटेरी आणि शक्यतो पाण्यावर झुकलेली फांदी हवी. बाभूळ, शिंदी, बोर. नैऋत्येचा वारा-पाऊस टाळण्यासाठी ती बहुधा झाडाची पूर्वेकडची बाजू धरते, म्हणून पूर्वेला पाणी किंवा मोकळी जागा राहील अशा बेताने झाड लावा. विणायला लांब पाती लागतात. आसपास ऊस, ज्वारी, बाजरी किंवा उंच गवत नसेल तर नुसत्या बाभळीचा उपयोग नाही.

तांबट स्वतः भोक कोरतो, पण त्याला मऊ लाकूड लागते. शेवगा, पांगारा, उंबर यांची वाळलेली फांदी तो आवडीने धरतो आणि भोक बहुधा फांदीच्या खालच्या अंगाला काढतो. "वाळलेली फांदी काढून टाका, झाड चांगलं दिसेल" हा सल्ला म्हणूनच ऐकायचा नाही. तांबटाने सोडलेले भोक पुढे दुसरे लहान पक्षी वापरतात.

होला आणि बुलबुल यांना माणसाच्या उंचीची दाट, काटेरी झुडपे पुरतात: बोर, करवंद, मेंदीचे कुंपण. होल्याचे घरटे म्हणजे चार काटक्या, खालून अंडे दिसावे इतके विरळ. काटे हेच त्याचे संरक्षण. शिंपी रुंद पाने शिवून घरटे करतो, त्याला काळा उंबर किंवा कुंपणाजवळची कोणतीही रुंद पानांची लहान झाडे चालतात. कोतवाल आणि हळद्या उंच झाडाच्या टोकाकडच्या बेचक्यात असतात, तेही अनेकदा शेजारी शेजारी. कोतवाल घारी-कावळ्यांनाही पिटाळतो, त्याचा फायदा हळद्याला मिळतो. कडुनिंब, करंज, जांभूळ यांवर त्यांचे भागते.

आणि या सगळ्यांना खायला हवे. वड, पिंपळ, उंबर, पिंपरण, नांद्रुक यांची फळे वेगवेगळ्या वेळी पिकतात, म्हणून निदान तीन प्रकार ठेवा. पिल्लांना मात्र किडेच लागतात. दाणे खाणारी सुगरणसुद्धा पिल्लांना अळ्या आणि नाकतोडे भरवते. म्हणूनच गुलमोहर, निलगिरी, सुबाभूळ, उंदीरमारी, कोनोकार्पस यांच्या रांगा हिरव्या दिसल्या तरी किड्यांच्या दृष्टीने बऱ्याचशा रिकाम्या असतात. वेडी बाभूळ तर आणूच नका, ती स्वतःहून येते आणि मग जात नाही.

तपासणी: यादीत झुडूप, मध्यम झाड आणि मोठे झाड असे तिन्ही आहेत का? माझ्या अनुभवात निम्मी झुडपे असलेली लागवड पहिल्यांदा बोलकी होते. बोरीच्या जाळीत तिसऱ्या-चौथ्या वर्षीच होला बसलेला सापडतो, वडावर काही व्हायला दशक जाते.

टप्पा ४. रोपे, बिया आणि खुंट

सगळेच पिशवीतून लावायचे नसते.

बाभूळ आणि बोर बियांपासून जागेवरच वाढवा. बाभळीचे सोटमूळ झपाट्याने खोल जाते. पिशवीत ते गुंडाळले गेले की रोप पुढे तग धरत नाही. बाभळीचे बी कठीण असते. शेळ्यांच्या वाड्यात झाडलोट करताना मिळालेले बी आणा, शेळीच्या पोटातून गेलेले बी लवकर रुजते. ते नसेल तर गरम पाण्यात टाकून रात्रभर भिजत ठेवा. पाऊस लागला की प्रत्येक ठिकाणी तीन-चार बिया, बोटाच्या एका पेराएवढ्या खोल.

वड, पिंपरण, नांद्रुक, पांगारा, शेवगा हे खुंटापासून येतात. मनगटाएवढी जाड, सहा ते आठ फूट लांब फांदी मेअखेर किंवा जूनच्या पहिल्या आठवड्यात घ्या. खालचे टोक तिरके कापा, वरच्या टोकाला शेण-मातीचा लेप द्या आणि दोन फूट गाडा. उलटी गाडलेली खुंटे मी पाहिली आहेत, म्हणून तोडतानाच वरच्या टोकाला चुन्याची खूण करा. खुंटाचा फायदा असा की फुटवे शेळीच्या तोंडाच्या वर येतात. फांदी मात्र घरटी तपासूनच तोडायची.

चिंच, कडुनिंब, करंज, जांभूळ, उंबर यांची रोपे सामाजिक वनीकरणाच्या किंवा खासगी रोपवाटिकेतून घ्या. दीड-दोन वर्षांचे, तीन ते पाच फुटांचे, अंगठ्याएवढ्या बुडख्याचे रोप हवे. उंच पण काडीसारखे रोप नको. पिशवीच्या भोकातून जाड मूळ जमिनीत गेले असेल तर तेही नको, उचलताना ते तुटते. मागणी जानेवारीतच नोंदवा. जूनमध्ये गेलात तर उरलेसुरले पदरात पडते.

टप्पा ५. खड्डे

एप्रिल-मेमध्ये खणून उन्हात तापू द्या. मोठ्या झाडाला दोन फूट लांब, रुंद आणि खोल, झुडपाला दीड फूट. वरची माती एका बाजूला, खालचा मुरूम दुसऱ्या बाजूला. भरताना वरची माती तळाशी जाते. त्यात दोन घमेली पूर्ण कुजलेले शेणखत, पालापाचोळा आणि दोन मुठी निंबोळी पेंड. कच्चे शेण घातले की वाळवीला आमंत्रण. मुरूम खड्ड्यात परत न घालता त्याची उताराच्या बाजूला अर्धगोल वरंबी करा, वाहते पाणी तिथे अडते.

अंतर मोठ्या झाडांत तीस-पस्तीस फूट, झुडपांत पाच-सहा फूट. झुडपे रांगेत नको, पाच-सात जणांचा जुडगा करा. पक्ष्याला आडोसा लागतो, संचलन नाही.

सावधान: खणायच्या दिवशी आधी जागेवर फिरा. टिटवी डोक्यावर ओरडत घिरट्या घालू लागली तर अंडी जवळच आहेत. त्या भागातले खड्डे पुढच्या वर्षावर टाका.

टप्पा ६. लावणीचा दिवस

५ जूनला लावू नका. जागतिक पर्यावरण दिन असतो हे खरे, पण आपल्याकडे त्या तारखेला जमीन कोरडी असते. पहिल्या वळिवानंतर मोठी उघडीप पडते आणि रोपे करपतात. दोन-तीन दमदार पाऊस होऊन माती हातभर खोल ओली व्हायला हवी. पहार घालून बघा. मग वाफसा आला, म्हणजे चिखल ओसरून माती हाताळण्याजोगी झाली, की लावा. वर्षाप्रमाणे ही वेळ जूनअखेर ते जुलैअखेर येते. पाहुण्यांना तारीख कळवताना "पावसावर अवलंबून" हे शब्द आधीच घाला.

क्रम असा ठेवा. रोपे आदल्या संध्याकाळी भिजवा. पिशवी ब्लेडने उभी कापा, ओढून काढू नका. मातीचा गोळा फुटता कामा नये. तळाशी गोल फिरलेली मुळे दिसली तर कात्रीने छाटा. बुडखा पिशवीत होता तेवढाच मातीत ठेवा. याहून खोल पुरले की साल कुजते. माती पायाने चेपा, नाचू नका. आळे आजूबाजूच्या जमिनीपेक्षा तीन-चार बोटे खोल राहू द्या. काठी वाऱ्याच्या बाजूला रोवा आणि सुतळी इंग्रजी आठच्या आकड्यासारखी सैल बांधा. तारेने बांधलेली रोपे वर्षभरात गळा आवळून मरतात.

पिशव्या मोजून परत घ्या. शंभर लावल्या तर शंभर परत यायला हव्यात. ओढ्यावरच्या लावणीत हे फार लागू पडते, नाहीतर त्या घरट्यांत विणलेल्या दिसतात.

टप्पा ७. वई, त्याच दिवशी

"उद्या कुंपण करू" म्हणालेल्या रात्रीच शेळ्या येतात. लोखंडी जाळ्या महाग आणि चोरीला जाणाऱ्या. बोरीच्या किंवा वेड्या बाभळीच्या फांद्यांची गोल वई, कमरेच्या वर उंच, बुंध्यापासून दोन फूट लांब, एवढे पुरते. दर पावसाळ्यानंतर ती नवी करावी लागते. मेंढपाळ आणि शेळ्या राखणारी मंडळी यांना लावणीच्या दिवशी बोलवा, नारळ त्यांच्या हातून फोडा. राखण शेवटी तेच करतात.

जानेवारीत लावणीच्या कडेने सहा फूट रुंद पट्टा गवत काढून जाळरेषा करा. बांध पेटवायची सवय असलेल्या शिवारात ही एक गोष्ट चुकली की बाकी सगळे व्यर्थ.

टप्पा ८. पाणी: लावण्याआधी करायचा हिशोब

एका रोपाला आठवड्याला १५ लिटर धरा. ऑक्टोबरच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत सुमारे ३४ आठवडे होतात. ४० रोपांना आठवड्याला ६०० लिटर, हंगामात २०,४०० लिटर. हे बैलगाडीवरच्या टाकीने होते. ५०० रोपांना आठवड्याला ७,५०० लिटर, म्हणजे ५,००० लिटरच्या टँकरच्या दीड खेपा, दर आठवड्याला, चैत्र-वैशाखातही, जेव्हा गावालाच प्यायला पाणी नसते. हा आकडा बैठकीत फळ्यावर लिहा. रोपांची संख्या आपोआप खाली येते.

आळ्यात उसाचे पाचट किंवा गवताचे चार बोटे जाड आच्छादन घाला, बुंध्याला चिकटू देऊ नका. मोठ्या रोपाशेजारी तळाला बारीक भोक पाडून वात घातलेले मडके पुरले तर पाण्याची फेरी दहा-बारा दिवसांवर नेता येते. दुसऱ्या वर्षी फेऱ्या निम्म्या करा, तिसऱ्या उन्हाळ्यात फक्त एप्रिल-मे. कायम वरवर थोडे पाणी मिळाले की मुळे वरच राहतात.

मेलेल्या रोपांच्या नांग्या (रिकाम्या पडलेल्या जागा) पुढच्या जुलैत भरा. त्याच खड्ड्यात तीच जात दोनदा मेली असेल तर जात बदला.

टप्पा ९. झाडे वाढेपर्यंत

मधल्या वर्षांत पक्ष्यांना थांबवून ठेवायचे असते. लावणीतले गवत सरसकट खुरपू नका, फक्त आळी स्वच्छ ठेवा. पाण्याचे उथळ भांडे ठेवाल तर दोन दिवसांनी घासा. लाकडी पेटी लावायची असेल तर चिमणीसाठी ३२ मिलिमीटरचे भोक, बाहेर बसायला दांडी नको, तोंड पूर्वेला, वरचे झाकण साफसफाईला उघडणारे, आतून रंग नाही. दांडीवर कावळ्याला बसून पिल्लू ओढता येते. पत्र्याच्या डब्यात मेमध्ये पिल्ले शिजतात, तो वापरू नका.

टप्पा १०. पहिले घरटे दिसल्यावर

लोक आनंदाने इथेच घोळ घालतात. गटात फोटो, मग जागा, मग रविवारी वीस माणसे झाडाखाली. झाडाची नेमकी जागा सांगू नका. बघायचे तर पन्नास पावलांवरून, पाच-दहा मिनिटे. पक्षी तोंडात चारा घेऊन बाजूच्या फांदीवर अडकून ओरडत असेल तर तुम्ही फार जवळ आहात.

छाटणी ऑक्टोबरअखेर ते डिसेंबर, तीही आधी झाड तपासून. शेजारच्या शेतात फवारणी असेल तर शेतकऱ्याशी बोलून झाडाच्या बाजूच्या चार ओळी सोडायला सांगा. बहुतेक जण ऐकतात.

सुगरणीचे अर्धवट, हेल्मेटसारखे घरटे वाऱ्याने हलताना दिसले तर "सोडून दिलं" म्हणून काढू नका. नर अर्धे विणून थांबतो, मादी बघून पसंत करते, मग तो नळी पुरी करतो. काही घरटी मादीला पसंत पडत नाहीत आणि तशीच लोंबत राहतात. वहीत त्यांची नोंद वेगळ्या रकान्यात करा: पूर्ण किती, अर्धी किती.